लहान मुलांचे डोळे: काय तपासावं, काय द्यावं आणि किती दिवसांत पाठवावं

इंदूरमध्ये लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग अशा वस्त्यांत ज्यांनी नुकताच दवाखाना थाटला आहे, त्या फॅमिली डॉक्टरांसाठी हे लिहिलं आहे. डोळ्यांच्या तक्रारीसाठी मूल आधी तुमच्याकडेच येणार. सोबत आजी असेल, हातात मेडिकलवाल्याने दिलेली अर्धी वापरलेली ड्रॉप्सची बाटली असेल, आणि "जरा डोळे आलेत याचे" एवढीच तक्रार असेल.

मोठ्या माणसाचा मोतीबिंदू सहा महिने थांबला तरी चालतं. ऑपरेशन झालं की नजर परत येते. मुलाचं तसं नाही. मेंदू पहिल्या सात-आठ वर्षांत पाहायला शिकतो, आणि त्यातले पहिले काही महिने सगळ्यात मोलाचे. त्या काळात डोळ्यातून स्पष्ट चित्र आत गेलं नाही, तर पुढे डोळा दुरुस्त करूनही दिसत नाही. त्यामुळे निदान अगदी नेमकं झालं नाही तरी चालेल, पण कोणत्या मुलाला आज पाठवायचं, कोणाला या आठवड्यात आणि कोणाला महिन्याभरात, हे पक्कं कळलं पाहिजे.

आधी सामान जमवा

डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण), बारीक झोताची टॉर्च, निळ्या फिल्टरचा दिवा, फ्लुरोसिनच्या (बुबुळावरची जखम दाखवणाऱ्या रंगाच्या) पट्ट्या, मिलिमीटरची पारदर्शक पट्टी, सलाइनच्या बाटल्या आणि आयव्ही सेट, पीएचची पट्टी, चित्रांचा किंवा 'ई'चा नजर-तक्ता. खोलीला जाड पडदा हवा, कारण अंधार झाल्याशिवाय पुढची तपासणी होतच नाही.

लाल चमक: दोन मिनिटांची तपासणी

झोत टाकला की बाहुलीतून जी चमक परत येते, ती पाहायची ही तपासणी दवाखान्यात पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक बाळाची करा, मग ते लसीसाठी आलेलं असो की सर्दीसाठी. खोलीत अंधार करा. बाळ आईच्या मांडीवर. ऑफ्थॅल्मोस्कोपची चकती शून्यावर ठेवा, साधारण हातभर अंतरावर, म्हणजे 50 ते 60 सेंटिमीटरवर थांबा आणि दोन्ही डोळे एकाच झोतात घ्या. दोन्ही बाहुल्या सारख्याच उजळायला हव्यात.

पुस्तकात ही चमक लालभडक छापलेली असते. आपल्याकडच्या गडद डोळ्यांत ती नारिंगी-पिवळसर, कधी तपकिरी छटेचीही दिसते, आणि नवखा डॉक्टर तिथेच घाबरतो. शंका आली तर आईच्या किंवा भावंडाच्या डोळ्यात त्याच दिव्याने पाहा. रंगाचा विचार कमी करा, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघा. एका डोळ्यात काळा ठिपका किंवा पांढरी झाक दिसली, एक बाहुली दुसरीपेक्षा फिकी वाटली, किंवा चमक आलीच नाही, तर तपासणी बिघडली असं समजा.

बाळ डोळे मिटून घेतं, ही नेहमीची अडचण. बोटांनी पापण्या उघडू नका, ते आणखी घट्ट मिटतं. आईला उभं राहून बाळाला खांद्यावर घ्यायला सांगा आणि तुम्ही तिच्या पाठीमागे उभे राहा. उभं धरलं की बाळ आपोआप डोळे उघडतं. नाहीच जमलं तर दूध पाजून पुन्हा पाहा. पण "दिसलं नाही" याची नोंद "ठीक आहे" अशी करू नका.

पांढरी बाहुली म्हणजे दोनच गोष्टी आधी मनात याव्यात: जन्मजात मोतीबिंदू आणि रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग. दुसऱ्यात जीव जाऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला फोन करा आणि दोन-तीन दिवसांत तपासणी होईल असं बघा. एका डोळ्यातला दाट जन्मजात मोतीबिंदू साधारण सहा आठवड्यांच्या वयापर्यंत आणि दोन्ही डोळ्यांतला आठ-दहा आठवड्यांपर्यंत निघाला तर नजर चांगली तयार होते. "सव्वा महिना होऊ दे, मग बाळाला बाहेर काढू" असं घरचे म्हणतात तेव्हा ही मुदत त्यांना आकड्यांत सांगा. आई मोबाईलवर फोटो दाखवून म्हणाली की फ्लॅशमध्ये एक डोळा पांढरा येतो, तर ते खरं धरून चाला. पुष्कळदा तो फोटो हाच पहिला पुरावा असतो.

कमी दिवसांचं बाळ

2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा पडदा रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटीसाठी, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या आजारासाठी, जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासून झाला पाहिजे. 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमपेक्षा हलकं बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. 34 ते 36 आठवड्यांचं बाळ असेल आणि त्याला ऑक्सिजन, संसर्ग किंवा रक्त देण्याची वेळ आली असेल, तर तेही यात धरा.

चूक होते ती घरी सोडल्यानंतर. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहिलेली असते, पण बाळ देवास, धार किंवा देपालपूरला आजोळी गेलेलं असतं आणि तारीख निघून जाते. बाहेरून डोळा अगदी निर्मळ दिसतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. तुमच्याकडे पहिल्या लसीला आलेल्या बाळाचं जन्मवजन आणि आठवडे विचारा, आणि वरच्या आकड्यांत बसत असेल तर डोळ्यांच्या तपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर तिथूनच फोन लावा. एक तपासणी नीट निघाली म्हणजे संपलं असंही नाही. पडद्यातल्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत फेऱ्या चालू राहतात. लेझर किंवा इंजेक्शन लागलं तर ते 48 ते 72 तासांत व्हावं लागतं.

पाणी गळणारा डोळा

तान्ह्या बाळाचा एक डोळा सतत ओला, सकाळी चिपडं, पण पांढरा भाग पांढराच. बहुतेक वेळा ही अश्रुनलिकेच्या तोंडाशी राहिलेली पातळ पडदी असते, आणि दहातल्या नऊ बाळांत वर्षभरात आपोआप उघडते. तोवर मालिश. आईला नुसतं "मालिश करा" म्हटलं की ती नाकावर हलकेच बोट फिरवत बसते, आणि त्याने काही होत नाही. तिचं बोट तुम्ही धरा. नख कापलेलं, हात धुतलेला. करंगळी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, हाडाशी टेकवा, आधी आत दाबा आणि तो दाब न सोडता नाकाच्या बाजूने खाली न्या. एका वेळी दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. दाब बरोबर असेल तर कोपऱ्यातून थोडं पाणी किंवा चिपड वर येतं. अँटिबायोटिक ड्रॉप्स फक्त पिवळा चिकट स्राव वाढला तरच, पाच-सात दिवस. महिनोन्‌महिने देऊ नका. वर्ष पूर्ण होऊनही पाणी थांबलं नाही तर नलिका उघडण्यासाठी पाठवा.

जन्मतःच आतल्या कोपऱ्याखाली निळसर गाठ असेल, किंवा तिथे लाल, दुखरी सूज आली असेल, तर मालिश करू नका, त्याच दिवशी पाठवा.

याच तक्रारीमागे जन्मजात काचबिंदू लपलेला असतो, आणि तो सुटला की डोळा जातो. बाळ उजेडात डोळे घट्ट मिटतं, आईच्या कुशीत तोंड लपवतं, पाणी गळतं आणि बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसतं. घरात सगळे कौतुक करत असतात, "किती टपोरे डोळे आहेत!" अशा वेळी मिलिमीटरची पट्टी घ्या आणि बुबुळाचा आडवा व्यास मोजा. नवजात बाळात तो साधारण साडेनऊ ते साडेदहा मिलिमीटर असतो. नवजात बाळात 11 च्या वर, पहिल्या वर्षात 12 च्या वर, किंवा दोन डोळ्यांत स्पष्ट फरक आढळला तर एक-दोन दिवसांत पाठवा. वर्ष होण्याची वाट बघायची ती फक्त शांत, पांढऱ्या, उजेडाला न घाबरणाऱ्या डोळ्यासाठी.

पहिल्या 28 दिवसांत पू

दोन ते पाच दिवसांच्या बाळाच्या पापण्या सुजून घट्ट चिकटल्या असतील आणि उघडल्यावर पू ओघळत असेल, तर गोनोकोकसचा (परम्याच्या जंतूचा) संसर्ग धरून चाला. हा जंतू धड बुबुळालाही भोक पाडतो, आणि तेही एक-दोन दिवसांत. पापण्या उघडताना पू उडतो, स्वतः चष्मा लावा. सलाइनने डोळे धुवा, ते पुन्हापुन्हा धुत राहायला सांगा आणि लगेच भरती करायला पाठवा. पोचायला वेळ लागणार असेल तर सेफट्रायक्झोन किलोमागे 25 ते 50 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 250 मिलिग्रॅम, एकच डोस. बाळाला कावीळ असेल तर त्याऐवजी सेफोटॅक्सिम किलोमागे 100 मिलिग्रॅम. पाच ते चौदा दिवसांच्या बाळात क्लॅमिडियाची शक्यता जास्त. त्यालाही नुसते ड्रॉप्स पुरत नाहीत, तोंडावाटे औषध लागतं, कारण न्यूमोनिया मागून येतो. दोन्ही प्रकारांत आईवडिलांचेही उपचार करायचे असतात.

तिरळेपणा

पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळा मधूनमधून हलला तर चालतं. कायम तिरळा असेल तर कोणत्याही वयात पाठवा, आणि चार महिन्यांनंतर मधूनमधून होणाराही पाठवा. "मोठा झाला की जाईल" किंवा "भाग्याचं लक्षण आहे" हे घरात ऐकू येईल. तुम्ही त्याला मान डोलावू नका.

नाकाचं हाड सपाट आणि आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असेल तर सरळ डोळेही तिरळे वाटतात. ओळखायला टॉर्च फूटभरावर धरा. दोन्ही बुबुळांवरचा ठिपका एकाच जागी, बाहुलीच्या मध्याशी किंवा किंचित नाकाकडे असेल, तर डोळे सरळ. एका डोळ्यातला ठिपका बाहेरच्या बाजूला सरकला असेल, तर तो डोळा आत वळलेला आहे. मग मुलाला खेळण्याकडे पाहू द्या आणि एक डोळा झाका. दुसरा डोळा जागेवर यायला हलला तर तिरळेपणा खरा. एक डोळा झाकला की मूल शांत, दुसरा झाकला की रडून हात ढकलतं, असं झालं तर पहिल्या डोळ्याने त्याला कमी दिसतंय.

तिरळ्या मुलाची लाल चमक पाहिल्याशिवाय त्याला सोडू नका. रेटिनोब्लास्टोमात पांढऱ्या बाहुलीखालोखाल दिसणारं लक्षण तिरळेपणाच आहे. आणि मोठ्या मुलात अचानक डोळा आत वळला, दोन-दोन दिसू लागलं, सकाळी डोकं दुखून उलट्या होतात, तर ते डोळ्याचं नसून मेंदूतल्या दाबाचं प्रकरण असू शकतं. त्याला आजच, मोठ्या रुग्णालयात.

नजर मोजताना

तीन वर्षांपासून चित्रांच्या तक्त्यावर मोजता येते. अंतर तक्त्यावर लिहिलं असेल तेवढंच, जमिनीवर टेप चिकटवून ठेवा. मूल बोटांच्या फटीतून पाहतं म्हणून हाताने डोळा झाकू देऊ नका, मायक्रोपोरखाली कापूस लावून झाका. जो डोळा कमी वाटतो तो आधी तपासा, नाहीतर तक्ता पाठ होतो. तिसऱ्या वर्षी 6/15, चौथ्या वर्षी 6/12, पाचव्यापासून 6/9 ची ओळ प्रत्येक डोळ्याने वाचता यायला हवी. दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक आला तरी पाठवा. एका डोळ्याचा आळशीपणा मूल स्वतःहून कधीच सांगत नाही. दुसऱ्या डोळ्याने त्याचं सगळं भागत असतं.

"टीव्हीजवळ जाऊन बसतो" ही तक्रार घेऊन आलेल्या मुलाला चष्म्याच्या दुकानात पाठवू नका. मशीनवरचा नंबर लहान मुलांत चुकतो, कारण मूल डोळ्याच्या स्नायूवर जोर देतं. नंबर औषध घालूनच काढायचा. पाच वर्षांखालच्या मुलांना त्यासाठी बऱ्याचदा घरी तीन दिवस ॲट्रोपिनचं मलम देतात. मग रात्री तुम्हालाच फोन येतो की मूल लालबुंद झालंय, अंग तापलंय, तोंड कोरडं पडलंय. हा औषधाचाच परिणाम. मलम थांबवा, अंग गार पाण्याने पुसा, पाठवलेल्या डॉक्टरांना कळवा, आणि मूल बरळत असेल तर भरती करा. आधीच सांगून ठेवा: तांदळाच्या दाण्याएवढंच मलम, नंतर दोन मिनिटं आतला कोपरा दाबून धरायचा, हात धुवायचे.

आळशी डोळ्यासाठी पट्टी सांगितली असेल तर ती चांगल्या डोळ्यावर, कातडीला चिकटवून, चष्मा वरून. नुसती चष्म्याच्या काचेवर लावली की मूल कडेने पाहतं. साधारण कमजोर डोळ्याला दिवसाचे दोन तास, फार कमजोर असेल तर सहा. ते तास चित्र काढण्यात किंवा मणी ओवण्यात गेले तर जास्त उपयोग होतो.

खाजणारे डोळे आणि स्टेरॉइडची बाटली

माळव्यात उन्हाळा सुरू झाला, हवा कोरडी आणि धुळीची झाली, की पाच ते पंधरा वर्षांची मुलं, त्यातही मुलगे जास्त, डोळे चोळत येतात. पांढरा भाग मळकट लालसर, तारेसारखा चिकट स्राव, वरची पापणी उलटली की आत दगडी फरशीसारखे उंचवटे. हा व्हर्नल कॅटर्र, म्हणजे डोळ्यांची हंगामी ॲलर्जी. दरवर्षी येतो आणि वयात आल्यावर बहुतेकांचा ओसरतो. ओलोपॅटाडिन 0.1 टक्के ड्रॉप्स दिवसातून दोनदा, थंड पाण्याच्या पट्ट्या, बाहेर पडताना टोपी आणि गॉगल. चोळणं बंद करा हे वारंवार सांगा. चोळून चोळून बुबुळ पातळ आणि टोकदार होतं.

प्रत्येक मुलाच्या पालकांना विचारा: "आधीचे ड्रॉप्स दाखवा." नाव वाचा. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असेल, मग ते अँटिबायोटिकबरोबर मिसळलेलं का असेना, तर किती दिवस चालू आहे ते लिहून घ्या. दोन थेंबांत खाज जाते, म्हणून घरचे तीच बाटली पुन्हापुन्हा आणतात. दुखत नाही, लाली नाही, आणि आत काचबिंदूने नस सुकत असते. मुलांत डोळ्याचा दाब काही आठवड्यांतच चढू शकतो. असं मूल आठवड्याच्या आत दाब मोजायला पाठवा. तुम्ही स्वतः स्टेरॉइड ड्रॉप्स लिहू नका. नागीणीचा व्रण असो की शेतातल्या काडीने झालेली बुरशी, वरवर दोन्ही लाल डोळेच दिसतात, आणि स्टेरॉइडने दोन्ही भडकतात. उजेड सहन होत नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका असेल किंवा फ्लुरोसिन धरत असेल, तर त्याच दिवशी पाठवा.

साध्या साथीच्या डोळ्यांना सलाइनने स्वच्छता, वेगळा टॉवेल आणि आठवडाभर धीर पुरतो. पू असेल तर मॉक्सिफ्लॉक्सासिन 0.5 टक्के दिवसातून तीनदा, सात दिवस. रांजणवाडीला गरम शेक, दहा मिनिटं, दिवसातून चारदा. मध, गुलाबपाणी, आईचं दूध, काजळ यांपैकी काहीही डोळ्यात नको. काही काजळांत शिसं सापडतं, हे आजीला आदराने पण स्पष्ट सांगा.

इजा: आधी धुणं, मग पत्र

पान-तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलाच्या हातात दाबली जाऊन फुटते आणि चुना थेट डोळ्यात. इथे नजर तपासायची नाही, नाव लिहायचं नाही, आधी धुवायचं. मुलाला चादरीत गुंडाळा, भूल देणारा ड्रॉप असेल तर घाला, आयव्ही सेटची नळी लावून सलाइनची धार सोडा. किमान अर्धा तास आणि एक-दोन लिटर. सलाइन संपलं तर नळाचं पाणी. पापणी उलटून आतल्या खाचेतले चुन्याचे कण ओल्या कापसाच्या काडीने काढा. ते राहिले तर डोळा जळतच राहतो, आणि घाईत हेच राहून जातं. पाच मिनिटं थांबून पीएच पाहा, सात ते साडेसातच्या आत येईपर्यंत धुवा. मगच गाडीत बसवा.

2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गनने कितीतरी मुलांचे डोळे भाजले. कॅल्शियम कार्बाइडमध्ये पाणी पडलं की पेटणारा ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे उरतो तो विझलेला चुनाच. म्हणजे ती भाजण्याची आणि चुन्याची, दोन्ही इजा आहे. फटाक्याची इजा समजून नुसता मलम लावून पाठवू नका, धुवा. मात्र डोळा फुटलेला दिसत असेल तर जोराची धार नको.

विटी-दांडू, बाण, कंपासचं टोक, रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) बसलेला पाण्याचा फुगा. यानंतर बाहुली थेंबासारखी ओढलेली, बुबुळाच्या कडेला तपकिरी ऊती बाहेर आलेली, किंवा पांढऱ्या भागावर सगळीकडून रक्त साकळलेलं असेल, तर डोळा फुटला आहे. ड्रॉप घालू नका, मलम नको, दाबून पट्टी नको. कागदी कपाचा तळ कापून हाडावर टेकेल असा डोळ्यावर चिकटवा. उलटी थांबवायचं औषध द्या, धनुर्वाताची लस पाहा, तोंडाने काही देऊ नका आणि त्याच क्षणी पाठवा.

एक फसवं प्रकरण लक्षात ठेवा. मुलाला डोळ्यावर ठोसा बसला, डोळा पांढराशुभ्र, पण वर बघता येत नाही, बघितलं की उलटी होते, नाडी मंद. डोक्याला मार लागला असं वाटतं. खरं म्हणजे डोळ्याच्या खोबणीचं हाड तडकून त्यात स्नायू अडकलेला असतो, आणि तो एक-दोन दिवसांत सोडवावा लागतो.

तापासोबत पापणी सुजली तर ती हळूच उघडून पाहा. डोळा पुढे आला असेल, हलवताना दुखत असेल किंवा नजर कमी असेल, तर संसर्ग खोबणीत गेला आहे, भरती करा.

अ जीवनसत्त्व

सगळी मिळून नऊ मात्रा: नवव्या महिन्यात 1 लाख युनिट, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख. संध्याकाळी मूल अडखळत असेल किंवा कानाकडच्या बाजूला पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका असेल, तर उपचाराची मात्रा आज, उद्या आणि चौदाव्या दिवशी. सहा महिन्यांखाली 50 हजार, वर्षापर्यंत 1 लाख, पुढे 2 लाख. बुबुळ कोरडं, निस्तेज वाटलं तर पहिली मात्रा देऊन लगेच भरती करायला पाठवा.

पत्र आणि पाठपुरावा

"नेत्रतज्ज्ञांचं मत घ्यावं" एवढ्या चिठ्ठीवर मूल महिनाभराच्या रांगेत जातं. लिहा: वय, जन्मवजन, आठवडे, लाल चमक प्रत्येक डोळ्याची, नजर प्रत्येक डोळ्याची, कोणते ड्रॉप्स किती दिवस, तुमचा संशय, आणि ठळक अक्षरांत "आज", "या आठवड्यात" किंवा "महिन्यात". एमवाय रुग्णालय, एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचं स्कूल ऑफ एक्सलन्स फॉर आय आणि चोइथराम नेत्रालय हे इंदूरमधले पर्याय आहेत. मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आधी फोन करून विचारा, आणि तो वार पत्रावर लिहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार होतात. खर्चाची अडचण असलेल्या घराला हे पहिल्याच भेटीत सांगा, आणि आयुष्मान कार्ड असेल तर सोबत न्यायला सांगा.

पाठवलेल्या मुलांची एक वेगळी वही ठेवा: नाव, फोन, तारीख, मुदत. "आज"वाल्यांना त्याच संध्याकाळी फोन, "या आठवड्यात"वाल्यांना चौथ्या दिवशी. गेले नसतील तर कारण विचारा. बहुतेक वेळा मुलगा आता रडत नाही, किंवा वडील बाहेरगावी आहेत, एवढंच असतं. आणि रेटिनोब्लास्टोमा किंवा जन्मजात मोतीबिंदू निघाला असेल, तर त्याच फोनवर सांगा की धाकट्या भावंडालाही घेऊन या, त्याची लाल चमक पाहायची आहे.